दुर्मीळ म्हणून सोडून देऊ नका: मेंदूतल्या पाण्याच्या आजारांविषयी खुलं पत्र

प्रति,
कॅज्युअल्टीत, ओपीडीत आणि स्वतःच्या दवाखान्यात रुग्णाला सर्वांत आधी तपासणारे डॉक्टर

स.न.वि.वि.

हे पत्र न्यूरोसर्जनसाठी नाही. त्यांच्यापर्यंत पोचलेल्या रुग्णाचं पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक असतं. मला बोलायचं आहे ते त्यांच्या आधी भेटणाऱ्या तुम्हा मंडळींशी. रात्री अडीच वाजता पोटदुखीचा रुग्ण बघणारे ज्युनिअर डॉक्टर, वर्षभर वाहणाऱ्या नाकाला ॲलर्जीच्या गोळ्या लिहून देणारे डॉक्टर, डोकं दुखतं म्हणणाऱ्या बाईला ‘जरा टेन्शन कमी घ्या’ सांगणारे फॅमिली डॉक्टर आणि सीटीचा रिपोर्ट लिहिणारे रेडिऑलॉजिस्टसुद्धा. मेंदूभोवतीचं पाणी साचू लागलं किंवा कुठून तरी गळू लागलं की तो माणूस पहिल्यांदा तुमच्यासमोर येतो. आणि पुष्कळदा तो मेंदूचा रुग्ण म्हणून येतच नाही.

मी शंट, म्हणजे मेंदूत साचणारं पाणी खाली उतरवणारी नळी, असलेल्या मुलीची आई. मुलगी आता मोठी आहे, नोकरी करते. शंटचे रुग्ण, पाणी गळण्याचा आजार असलेले रुग्ण आणि या सगळ्यांचे नातेवाईक अशा एका गटात मी बरीच वर्षं आहे. एकाच्या डोक्यात पाणी साचतं, दुसऱ्याच्या टिकत नाही. आजार उलटे, पण दवाखान्यांतले अनुभव इतके सारखे निघाले की वेगळे गट करायचा विचार आम्ही सोडूनच दिला. मी डॉक्टर नाही. पुढे लिहिलंय ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि खाटेशेजारी उभं राहून कळलेलं आहे.

आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, ‘असं फार क्वचित होतं हो.’ खरंच आहे ते. या पत्रात येणाऱ्या बहुतेक गुंतागुंती दुर्मीळच आहेत. त्यातली एखादी तुम्हाला सगळ्या कारकिर्दीत एकदा दिसेल, कदाचित दिसणारही नाही. पण हा हिशेब तुमच्या बाजूने झाला. ज्याच्या अंगात ही नळी आयुष्यभर राहणार आहे, त्याच्या बाजूने तो करून बघा. दुर्मीळ गुंतागुंतींची यादी लांबलचक आहे आणि वर्षंही पुष्कळ आहेत. त्यातली अमुक एक त्याच्या वाट्याला येईल असं नाही, पण कुठली तरी एक येण्याची शक्यता मुळीच लहान नाही. म्हणून ‘क्वचित होतं’ हे कारण सांगून शंटच्या माणसाला घरी पाठवता येत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचं सगळं पत्र याच एका गोष्टीसाठी आहे.

मोठ्या माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिली पाणी असतं. दिवसाला जवळजवळ ५०० मिली नवं तयार होतं, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. शंटची नळी मेंदूच्या पोकळीतून निघते, कवटीवर कानामागच्या व्हॉल्व्हमधून जाते, मानेच्या आणि छातीच्या कातडीखालून उतरते आणि बहुतेकांच्या बाबतीत पोटात मोकळी सुटते. तुम्हाला हे मी सांगायला नको. पण कॅज्युअल्टीत केस पेपरवर ‘पोटदुखी, उलट्या’ असं लिहिलं की ही नळी पोटापर्यंत गेलेली आहे हे कुणाच्या डोक्यात राहत नाही, हे मी पाहिलेलं आहे. शंट म्हणजे डोकं, पोट म्हणजे सर्जरी, आणि रुग्ण एका विभागातून दुसऱ्या विभागात.

माझ्या मुलीचं झालं ते असं. काही आठवड्यांपासून तिचं पोट जड वाटत होतं, कमरेला कपडे घट्ट व्हायला लागले होते. मग एका बाजूला दुखायला लागलं. मधूनच डोकंही दुखायचं, पण ते जेवण चुकल्यामुळे असेल असं ठरलं. सोनोग्राफीचा रिपोर्ट आला: पोटात खालच्या बाजूला पाण्याने भरलेली मोठी गाठ, अंडाशयाची असावी. तरुण मुलगी, ओटीपोटात गाठ, म्हणजे दुसरं काय असणार? स्त्रीरोग विभागाकडे चिठ्ठी गेली, दुर्बिणीने गाठ काढायची तारीखही ठरली. शंट असल्याचं मी प्रत्येक टेबलावर सांगत होते आणि प्रत्येक टेबलावर ते लिहूनही घेतलं जात होतं, ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात.

ऑपरेशनआधी पुन्हा सोनोग्राफी झाली. या वेळी मशीनवर ज्या डॉक्टर बसल्या होत्या, त्यांनी गाठीच्या आत बराच वेळ बघितलं आणि मला पडद्याजवळ बोलावलं. काळ्या पाण्यात दोन बारीक, चकचकीत, एकमेकींना समांतर रेघा दिसत होत्या. ती नळी होती. गाठ अंडाशयाची नव्हतीच. शंटचं पाणी पोटात शोषलं न जाता नळीच्या टोकाभोवती साचलं होतं आणि त्याभोवती कोष तयार झाला होता. डॉक्टर याला सिउडोसिस्ट म्हणतात. बऱ्याच वेळा त्यामागे मंद, ताप न आणणारा जंतुसंसर्ग असतो. दुर्बिणीने तो कोष फोडून ‘गाठ काढली’ असं झालं असतं, तर संसर्ग तसाच राहिला असता आणि वर डोक्यात काय चाललंय ते कुणी बघितलंच नसतं. पुढे पाण्याची तपासणी झाली, नळी काही दिवस बाहेर काढून ठेवली, अँटिबायोटिक्स झाली, मग नवीन शंट बसला. त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी केस पेपर वाचला होता, एवढंच वेगळं होतं.

पोटातल्या टोकाच्या आणखी काही गोष्टी सांगते, कारण त्या सर्जरी आणि बालरोग विभागात येऊन अडकतात. नळी आतड्याला भोक पाडू शकते. शंटच्या रुग्णांत हे एक टक्क्याहूनही कमी वेळा होतं. पण यातली खरी फसगत अशी की पोट कडक होणं, खूप ताप, असह्य दुखणं यांपैकी काहीही नसू शकतं. नळी हळूहळू आत शिरते, भोवती थर धरतो आणि पोट शांत राहतं. मग एके दिवशी आई मुलाचा लंगोट बदलताना शौचाच्या जागी नळीचं टोक बघते. किंवा मुलाला मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांचा संसर्ग) होतो आणि पाण्यात ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू सापडतात. शंटच्या रुग्णाच्या मेंदूच्या पाण्यात आतड्यातले जंतू आले कुठून, हा प्रश्न त्याच क्षणी पडायला हवा. आणि नळी बाहेर दिसलीच तर कृपा करून ती आत ढकलू नका, वरच्या बाजूनेही ओढून घेऊ नका. दूषित टोक वर ओढलं की ते सगळ्या मार्गाने मेंदूकडे जातं. ती वरून वेगळी करून खालच्या बाजूने काढावी लागते आणि ते काम न्यूरोसर्जनचं आहे.

तान्ह्या मुलग्यात नळी जांघेतल्या उघड्या मार्गाने अंडकोशात उतरते आणि आयांना सांगितलं जातं, हायड्रोसील आहे, म्हणजे अंडकोशात पाणी साचलंय, आपोआप जाईल. क्वचित ती छातीच्या पोकळीत जाते आणि मूल धापा टाकत येतं. एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी दिसतं आणि न्यूमोनियाचे उपचार सुरू होतात. मानेतल्या शिरेत शिरून हृदयाकडे ओढली गेल्याच्याही नोंदी आहेत. ज्यांची नळी पोटाऐवजी हृदयाच्या कप्प्यात सोडलेली असते, त्यांच्यात बऱ्याच वर्षांनी लघवीतून रक्त आणि प्रथिनं जाऊ लागतात. नळीवरच्या रेंगाळलेल्या संसर्गामुळे मूत्रपिंडाला होणारी ही इजा १९६५ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहे, तरी असा रुग्ण आधी मूत्रपिंडाच्या ओपीडीत खेपा घालत राहतो. आणि एक अगदी साधी गोष्ट, जिच्यावर लोक हसतात: बद्धकोष्ठता. पोटातला दाब वाढला की शंटचं पाणी खाली उतरायला अडतं आणि डोकं दुखायला लागतं. पोट साफ झाल्यावर शंट पुन्हा नीट चालू लागल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. म्हणून शंटच्या मुलाला ‘शी झाली का?’ असं विचारणं हा चेष्टेचा विषय नाही.

आता डोक्याकडे. ‘सीटी नॉर्मल आहे, शंट चालू आहे, घेऊन जा घरी.’ आमच्या गटात या वाक्याची सगळ्यांत जास्त भीती आहे. शंट बंद पडला की मेंदूच्या पोकळ्या फुगतात आणि सीटीवर मोठ्या दिसतात, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं. पण काहींच्या फुगतच नाहीत. वर्षानुवर्षं पाणी निचरत राहिल्याने त्या आक्रसून फटीसारख्या झालेल्या असतात, भिंती ताठर झालेल्या असतात. दाब वाढतो आणि चित्र आहे तसंच राहतं. काहींच्या पोकळ्या मुळातच मोठ्या असतात आणि रिपोर्टमध्ये त्या ‘मोठ्या’ म्हटल्या काय नि ‘जैसे थे’ म्हटल्या काय, त्यातून काही कळत नाही. उपयोग होतो तो एकाच गोष्टीचा: याच माणसाचा, तो ठणठणीत असतानाचा जुना सीटी शेजारी लावून बघण्याचा. माझ्याकडे ती सीडी कायम असते. ती घेतली जाते, टेबलावर ठेवली जाते आणि बऱ्याचदा न लावताच परत मिळते. तुमच्या मशीनवर ती उघडत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरी व्यवस्था करतो. पण जुनं चित्र न बघता ‘बदल नाही’ असं कृपा करून लिहू नका.

डोळ्यांच्या पडद्यावरची सूजही फसवते. जुन्या दाबामुळे डोळ्याची नस आधीच सुकलेली असेल, तर तिला सूज येतच नाही. सूज नाही म्हणजे दाब नाही, असं अशा रुग्णात म्हणता येत नाही. दृष्टीचं तर वेगळंच दुःख आहे. लहान मुलं ‘मला कमी दिसतं’ असं सांगत नाहीत. ती वही जवळ धरतात, दाराच्या चौकटीला धडकतात आणि बोलणी खातात. शंट बंद पडून दृष्टी कायमची गेलेली माणसं आमच्या गटात आहेत आणि त्यांतल्या एकाच्याही पहिल्या केस पेपरवर डोळ्यांविषयी एक ओळ नाही.

शंट बिघडणं हे स्वतः मुळीच दुर्मीळ नाही, हेही इथेच सांगून टाकते. लहान मुलांत बसवलेल्या शंटपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्याच वर्षात आणि जवळजवळ निम्मे दोन वर्षांत बिघडतात. जंतुसंसर्ग मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होतो. त्यातले बरेचसे जंतू कातडीवरचे, शांत स्वभावाचे. काही तर कल्चरमध्ये उगवायलाच आठवडा-दीड आठवडा घेतात, त्यामुळे दोन दिवसांनी आलेला ‘जंतू नाहीत’ हा रिपोर्ट शेवटचा समजू नये. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या १६०५ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) अँटिबायोटिक मुरवलेल्या नळ्यांमुळे संसर्ग साध्या नळ्यांच्या ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, म्हणजे या बाबतीत प्रगती होते आहे. उलट्या आहेत पण जुलाब नाहीत, मूल सुस्त आहे, अशा वेळी शंटच्या मुलाला पोटाचा संसर्ग म्हणून सलाइन लावून झोपवू नका. जुलाब असले तरी आधी शंटचा विचार करा.

बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारे व्हॉल्व्ह आता सर्रास बसवले जातात. त्यांतल्या जुन्या प्रकारांचं सेटिंग एमआरआय काढल्यावर बदलू शकतं. हेडफोन, टॅब्लेटचं कव्हर, काही फोन यांतली चुंबकं अगदी जवळ आली तरी बदलू शकतं. एमआरआयनंतर सेटिंग तपासायला लागतं, हे एमआरआयच्या विभागात माहीत असतं. पण जो विभाग गुडघ्यासाठी एमआरआय लिहून देतो, त्याच्या ते लक्षात राहत नाही. आठवडाभराने डोकेदुखी सुरू झाली की तिचा गुडघ्याशी संबंध कोण लावणार?

आता गटातल्या दुसऱ्या अर्ध्या लोकांविषयी, ज्यांचं पाणी गळतं.

ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जनने १८९८ मध्ये पाठीतून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. सिरिंज सुईला नीट बसेना आणि त्या गडबडीत बरंच पाणी वाहून गेलं. नंतर कित्येक दिवस त्याला उभं राहिलं की डोकं दुखायचं, आडवं पडलं की बरं वाटायचं. आडवं पडण्याचा हा परिणाम त्याने स्वतः लिहून ठेवलेला आहे. शंभरहून अधिक वर्षं झाली, तरी डोकेदुखीच्या रुग्णाला ‘आडवं पडल्यावर काय होतं?’ हा प्रश्न अजून प्रत्येक ठिकाणी विचारला जात नाही.

पाठीत सुई गेल्यावर गळती होते, हे तुम्ही ओळखता. पण सुई न लागताही मणक्याजवळचं आवरण फाटतं. मणक्याच्या हाडाच्या टोकदार वाढीने, नसेच्या मुळाशी असलेल्या फुगवट्यातून, किंवा पाण्याचा मार्ग थेट शिरेला जोडला गेल्याने. हा तिसरा प्रकार २०१४ मध्येच पहिल्यांदा नीट वर्णन केला गेला. त्याआधीच्या किती जणांना ‘काही सापडत नाही’ म्हणून मानसोपचाराकडे पाठवलं असेल, कोण जाणे. आपोआप होणारी ही गळती दरवर्षी लाखात साधारण चार-पाच जणांना होते. आणि तपासण्या इथेही साथ देतीलच असं नाही. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा पाठीतून मोजलेला दाब जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत नॉर्मलच निघाला होता आणि साधारण पाचात एकाचा मेंदूचा एमआरआयसुद्धा नॉर्मल होता. शिवाय दिवस जातात तसं दुखण्याचं रूप बदलतं. उभं राहिल्याबरोबर दुखण्याऐवजी सकाळी बरं आणि दुपारनंतर वाढत जाणारं, असं ते होऊन बसतं. आडवं पडून आराम मिळण्याचं वैशिष्ट्यही पुसट होतं. रुग्ण उशिरा आला तर ‘सुरुवातीला कसं दुखायचं?’ असं विचारल्याशिवाय हे हाती लागत नाही.

गळती तशीच राहिली तर जे होतं, त्याला दुर्मीळ म्हणून बाजूला सारणं मला खरोखर अवघड जातं. मेंदू खाली ओढला जातो आणि कवटी व मेंदू यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना रक्त साचतं. ते रक्त काढलं जातं, गळती तशीच राहते आणि माणूस शुद्धीवर येण्याऐवजी आणखी गाढ झोपेत जातो. मेंदूचा मागचा भाग मानेत उतरलेला दिसतो, त्याला कियारीचा जन्मजात दोष समजून तिथेच ऑपरेशन होतं आणि रुग्ण पूर्वीपेक्षा वाईट होतो. काहींच्या मज्जारज्जूभोवती थोडं थोडं रक्त झिरपत राहून त्यातलं लोह मेंदूच्या पृष्ठभागावर साठतं. आधी ऐकू कमी येतं, मग चाल डगमगायला लागते. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे वागणं बदलतं. आमच्या गटातले एक काका, पन्नाशीतले, अतिशय नेमस्त. हळूहळू चारचौघांत काहीही बोलायला लागले, दिवसा झोपायला लागले, हिशेब विसरू लागले. डिमेन्शियाचं निदान झालं, घरच्यांनी मन घट्ट केलं. कुणीतरी जुना एमआरआय पुन्हा बघितला आणि म्हणालं, मेंदू आहे त्या जागी नाही, खाली सरकलाय. गळती सापडायला आणि बंद करायला पुष्कळ खटपट झाली. काका आज पूर्वीसारखे शंभर टक्के नाहीत, पण आपली औषधं आपण घेतात आणि काकूंशी पूर्वीसारखे भांडतात. हा डिमेन्शिया उलटवता येऊ शकतो, म्हणून त्याची आठवण ठेवा.

गळती बंद झाल्यावरही एक खोच आहे. पाठीत स्वतःचंच रक्त सोडून भोक बुजवलं, की काहींच्या डोक्यातला दाब एकदम वाढतो. आता डोकं आडवं पडल्यावर दुखतं, डोळ्यांमागे दाबल्यासारखं होतं, धूसर दिसतं. याला ‘उपचार फसला’ समजून पुन्हा रक्त सोडलं तर आगीत तेल. दुखणं कोणत्या बाजूने फिरलंय एवढं विचारलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो.

नाकाविषयी थोडक्यात. एकाच नाकपुडीतून, वाकल्यावर, पाण्यासारखं पातळ आणि खारट येणारं पाणी ही ॲलर्जी नसेलही. ग्लुकोजच्या पट्टीवर विसंबू नका. बीटा-२ ट्रान्सफेरिन या मेंदूच्या पाण्यातल्या प्रथिनाची तपासणी करा, ती थोड्याशा पाण्यातही होते. अशा रुग्णाला न्यूमोकोकस या जंतूचा मेनिंजायटिस पुन्हा पुन्हा होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या वेळी मेनिंजायटिस झालेल्या माणसाला नाका-कानातून पाणी येतं का, हे विचारलंच पाहिजे. कवटीच्या तळाला भोक असताना दाबाने हवा देणारा मास्क लावला किंवा जोरात नाक शिंकरलं तर हवा मेंदूभोवती शिरते. अशा एका बाईंना रात्री घोरण्यासाठी सीपॅपचं मशीन दिलं होतं. सकाळी त्या गोंधळलेल्या उठल्या. बरं नाही वाटत, असं एवढंच त्या सांगत होत्या.

आणि दोन्ही आजार एकाच माणसात भेटतात तेव्हा तर पाठ्यपुस्तकही उलटं वाटतं. शंटच्या रुग्णाच्या पाठीतून पाणी काढलं, सुईच्या जागी गळती राहिली आणि तो ढासळायला लागला. सीटीवर पोकळ्या फुगलेल्या, पण दाब मोजला तर कमी. शंट उघडा, काही अडलेलं नाही. १९९४ मध्ये वर्णन झालेली ही कमी दाबाची अवस्था. नेहमीसारखा शंट बदलून ती सुटत नाही. शून्याच्याही खालच्या दाबाला पाणी खेचावं लागतं आणि गळती असेल तर ती शोधून बंद करावी लागते. न्यूरोसर्जनलाही ही क्वचितच भेटते. तुमच्याकडून अपेक्षा इतकीच की ‘शंट चालू आहे’ यावर फाइल बंद करू नका. माणूस ढासळतोय, हा पुरावा सगळ्या आकड्यांच्या वर ठेवा.

एकदा माझ्या मुलीच्या केस पेपरवर लिहिलं होतं: ‘आई फार घाबरलेली आहे.’ होतेच मी घाबरलेली. पण ‘मागच्या वेळी शंट बंद पडला तेव्हाही ती अशीच बोलायची थांबली होती,’ असं मी सांगितलं, ते मात्र लिहिलं गेलं नाही. आम्ही घाबरतो आणि निरीक्षणही करतो, दोन्ही एकाच वेळी. शंटचा व्हॉल्व्ह वापरण्याजोगा झाला तोसुद्धा एका बापाच्या निरीक्षणामुळे, याची आठवण करून द्यावीशी वाटते. जॉन होल्टर हा अमेरिकी तंत्रज्ञ. त्याच्या मुलाच्या डोक्यात पाणी साचत होतं. सर्जन युजीन स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजून घेऊन त्याने १९५६ मध्ये सिलिकॉनची झडप घडवली. तिने कितीतरी मुलं वाचवली. तुमच्यासमोर उभा असलेला बाप झडप घडवणार नाही, पण गेल्या वेळी काय झालं होतं ते त्याला तुमच्या संगणकापेक्षा जास्त आठवतं.

आमच्या मागण्या फार नाहीत. शंट किंवा गळती झालेल्या माणसाचा केस पेपर लिहिताना ती ओळ ‘पूर्वीचे आजार’मध्ये न टाकता पहिल्या ओळीत लिहा, तक्रार पोटाची असो, छातीची असो की नाकाची. पोट बघताना नळी शोधा. नळीचा एक्स-रे डोक्यापासून पोटापर्यंत पूर्ण काढा. फक्त डोक्याचा काढून मानेपाशी तुटलेली नळी दिसत नाही. संशय असेल तर न्यूरोसर्जनला फोन करा आणि ‘सीटी नॉर्मल आहे’ या वाक्याने त्या फोनची सुरुवात करू नका. न्यूरोसर्जन जवळपास नसेल तर रुग्ण हलवण्याचा निर्णय लवकर घ्या. सकाळपर्यंत थांबू असं म्हणायची मुभा या आजारात फार कमी वेळा मिळते.

आणि घरी सोडताना एक कार्ड द्या. व्हॉल्व्हचं नाव, सेटिंग, कोणत्या बाजूला, नळीचं खालचं टोक कुठे, माणूस बरा असतानाच्या सीटीची तारीख. गळतीच्या रुग्णाला, गळती कुठे होती आणि काय केलं. आमच्याकडे असं कार्ड आहे, मी स्वतः लिहून प्लास्टिकमध्ये घातलेलं. ते दाखवलं की डॉक्टर हसून बाजूला ठेवतात. तुमच्या सही-शिक्क्याचं असेल तर पुढच्या कॅज्युअल्टीत ते वाचलं जाईल.

कळावे,

आपली,
शंट असलेल्या एका मुलीची आई